मार कोणाला बसला

ती तक्रार माझ्या अक्षरात होती आणि तिच्यातली चौथी ओळ खोटी होती. पोलीस ठाण्याच्या बाकावर, गुडघ्यावर फाईल ठेवून मी ती लिहिली. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मला अजून आठवतं.

माझी आई आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवते. पवनार सोडून सेलूकडे निघालं की मध्येच एक फाटा आत वळतो, तिथलं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, दोन शिक्षक, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. शिक्षक बदलून येतात, बदलून जातात. आई बारा वर्षं तिथंच आहे. दहाच्या आत ती कुलूप काढते, तांदूळ निवडते, चुलीवर खिचडीचा मोठा गंज चढवते. शिजलं की आधी ती स्वतः चव घेते आणि चवीच्या रजिस्टरमध्ये सही करते, मग गुरुजी चव घेऊन सही करतात, आणि मगच मुलांची पंगत बसते. नियमच आहे तसा, मुलांच्या आधी मोठ्यांनी खाऊन पाहायचं. आईला हा नियम फार आवडतो. "काही वाईट असन तं पहिले मले होईन, लेकराईले नाई," असं ती कौतुकाने सांगते, जणू सरकारने तिला एखादं मोठं पद दिलं आहे.

मी वाढले ती पुस्तिकांवर. बाबा दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे आणि येताना कापडी पिशवीभर पातळ पुस्तिका आणायचे. आमच्या घरात कपाट नव्हतं, पण पुस्तिकांची एक पत्र्याची पेटी होती. मला वाचता यायला लागलं तेव्हापासून बाबा मला ओसरीत उभं करून त्यातली पानं मोठ्याने वाचायला लावत. बाबा गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. वर्ध्याला शिकायला राहिले तरी दर महिन्याला एक पत्रक लिहून, झेरॉक्स काढून, गावातल्या विहारात आणि पानठेल्यावर ठेवून येत असे. कायदा काय म्हणतो, हक्क कोणते, कुठे अर्ज करायचा. पत्रकात लिहिलं की जग अर्धं बदललं, असं मला खरोखर वाटायचं.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या मुख्याध्यापक गुरुजींचा फोन आला. "ताई, जरा गावी येता का? बाईंना लागलं आहे."

"पडली का?"

"पडल्या नाहीत. मारलं."

मी पोचले तेव्हा आई घरी होती. डावा गाल सुजलेला, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत टूथपेस्ट फासलेली. चष्म्याची एक काडी तुटून टेबलावर पडली होती. तिने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "सारे जेवले. मी वाढून आली."

"हाताला हे झाल्यावर?"

"डाव्या हातानं वाढलं. मंग का उपाशी ठेवू?"

तिने आणि गुरुजींनी मिळून मला सगळं सांगितलं. आमच्याच वस्तीतला एक माणूस, जिनिंगमध्ये कामाला जाणारा, मला ताई म्हणणारा आणि आईला काकू म्हणणारा, साडेबाराला शाळेत शिरला. त्याची मुलगी तिसरीत आहे. ही मुलगी रोज जेवण झालं की आईजवळ जाऊन बसायची, गंजाच्या बुडाला लागलेली खरवड काढून खायची, आणि मग आपल्याच मनाने राख घेऊन तो गंज घासायला बसायची. घासताना मोठमोठ्याने पाढे म्हणायची. आईला त्याची गंमत वाटायची, म्हणून ती बसू द्यायची. आदल्या संध्याकाळी मुलीने घरी फुशारकी मारली होती, "मावशी मले पुरा गंज घासू देते." बापाने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो शाळेत आला. सरळ स्वयंपाकघरात गेला. आई फोडणी देत होती. "माया पोरीच्या हातानं भांडे घासून घेतं?" एवढंच म्हणाला आणि एक कानशिलात दिली. आईचा तोल गेला, हात तापलेल्या कढईवर पडला. गुरुजी धावत आले, त्यांनी त्याचा दंड धरला, त्याने हात झटकला आणि निघून गेला. दाराशी ताटल्या घेऊन उभी असलेली मुलं हे सगळं बघत होती. त्यात ती मुलगीही होती.

"पोराईनं पाह्यलं," आई म्हणाली. हाताचं ती काहीच बोलली नाही.

मी म्हटलं, ठाण्यात चल.

ठाण्यातले हवालदार बरे होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी आईला आधी पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मग विचारलं, "मावशी शाळेत काय म्हणून आहेत?"

"स्वयंपाकी," मी म्हणाले. "शाळेच्या कर्मचाऱ्यावर ड्यूटीवर असताना हात उचलला आहे. सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावा." राग आला की मी छापील मराठी बोलते.

"पगार भेटते का मानधन?"

"मानधन."

ते पेन खाली ठेवून म्हणाले, "ताई, मंग कठीण हाय. मानधनवाल्याईले सरकारी नोकर धरत नाई. पहिले थे तीनशे त्रेपन्न होतं, आता एकशे बत्तीस झालं. नंबर बदलला, अडचण तेच राह्यली."

"तांदूळ सरकारचा. शाळा सरकारची. रजिस्टर सरकारचं, त्यात रोज पहिली सही हिची. आणि ही कोणाची?"

"मले पटते न तुमचं. पण मले कागद वर पाठवा लागते. मारहाणीची अदखलपात्र नोंद होईन. आमी त्याले समज देऊ. पुढं जायचं असन तं कोर्टात जा लागन."

समज. माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहिला. मुख्याध्यापक माझ्या बाजूला बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. आणि तेवढ्यात मला ते सुचलं. हवालदारांनी सुचवलं नाही, गुरुजींनीही नाही. ते माझंच डोकं.

"गुरुजी मध्ये पडले होते," मी म्हणाले. "गुरुजी पक्के सरकारी आहेत. त्यांना मारलं असतं तर?"

"मंग लागते," हवालदार म्हणाले. "दोन वर्षांपर्यंत शिक्षा हाय. जामीनई सोपा नाई." आणि मग, माझ्याकडे नीट बघत, "मारलं काय?"

मी गुरुजींना बाहेर घेऊन गेले. कडुनिंबाखाली उभं राहून त्यांना सांगितलं की तुमचा हात झटकला म्हणजे धक्का झालाच, त्यात एक थप्पड वाढवली तर कोणाचं काय बिघडतं, थप्पड तर बसलीच आहे, कोणाला बसली एवढाच फरक. त्यांनी रुमालाने मान पुसली. "बाईंसाठी करतो," ते म्हणाले. "पण मला हे जमत नाही, ताई." मी म्हटलं, तुम्ही फक्त सही करा.

मग मी लिहिलं. चौथ्या ओळीत त्या माणसाने मुख्याध्यापकांच्या कानशिलात मारली. पाचव्या ओळीत स्वयंपाकी बाई मध्ये पडल्या आणि तोल जाऊन कढईवर गेल्या. आई साक्षीदार झाली. तिच्या सहीची जागा तिसरी, गुरुजींच्या आणि माझ्या खाली.

कागद आईपुढे ठेवला. तिने तो उजेडाकडे धरला, पण चष्मा नव्हता. "वाचून दाखव," ती म्हणाली. "बाबा तुले वाचाले लावत, तसं उभी राहून वाच."

मी उभी राहिले नाही. बसूनच, जरा भराभर वाचायला लागले. चौथ्या ओळीवर तिने हात वर केला.

"थांब. कोणाच्या कानशिलात?"

"गुरुजींच्या."

तिने वळून विचारलं, "काऊन जी गुरुजी, तुमाले मारलं?"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "नाही बाई."

"मंग?"

मी तिच्याजवळ सरकले. "आई, तुझ्यासाठी कलम लागत नाही. गुरुजींसाठी लागतं. असं लिहिलं तर तो आत जाईल."

"मार मले बसला," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हवालदारांनी लिहायचं थांबवलं. "गाल माया हाय. हात माया भाजला. अन् मी साक्षीदार काऊन वं? मी काय तिथं तमाशा पाहाले उभी होती?"

"तसं नाही गं..."

"लेकराईनं पाह्यलं मावशीले मारलं म्हणून. उद्या पोलीस शाळेत येऊन त्याईले इचारतीन. मंग थे काय सांगतीन? गुरुजीले मारलं म्हणून? मी रोज खिचडी देऊन त्याईले खोटं बोलाले शिकवू?"

"मग त्याला काहीच होणार नाही!"

"नाई झालं तं नाई झालं. जे व्हायचं थे माया नावानं होऊ दे."

गुरुजींनी मोठा श्वास सोडला, बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या शिपायाने हसू दाबलं. मी तो कागद चार तुकडे करून पर्समध्ये टाकला. इतकी पत्रकं वाचून, लिहून, वाटून, पहिली खरी लढाई समोर आली तेव्हा मी माझ्या आईला तिच्याच मारातून बाहेर काढून टाकलं होतं. कायद्याने तिला मोजलं नाही म्हणून मी ओरडत होते, आणि मग बसून मीही तिला मोजलं नाही.

हवालदारांनी नवा कागद घेतला आणि आईला विचारून विचारून लिहिलं. धंद्यापुढे त्यांनी सवयीने 'घरकाम' लिहिलं. आईने विचारलं काय लिहिलं, त्यांनी सांगितलं.

"घरकाम घरी करते मी. हे शाळेत झालं."

त्यांनी शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'शाळेत स्वयंपाक'. आईने डाव्या हाताने, वेडीवाकडी सही केली.

त्या माणसाला त्यांनी बोलावून घेतलं. तो आला तोच मान खाली घालून. हवालदारांनी आवाज चढवला, "लाज वाटते का बे? बाईवर हात टाकते?" त्याने खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि तो हवालदारांना नाही, मला दिला.

ते माझं जानेवारीचं पत्रक होतं. घडीवर तेलाचा डाग पडला होता. 'आपल्या मुलींकडून शाळेत झाडू, भांडी, धुणी करून घेतली जात असतील तर गप्प बसू नका. शाळेत जा. जाब विचारा!!!' तीन उद्गारचिन्हं मीच टाकली होती. जागा उरली होती म्हणून.

"तुमीच लेहलं न ताई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर विचारायचं होतं, की मग माझं चुकलं कुठं.

घरी आल्यावर मी दवाखान्यातून आणलेलं मलम लावायला तिचा हात मांडीवर घेतला. सुकलेली टूथपेस्ट ओल्या कापडाने हळूहळू काढावी लागली. ती मध्ये मध्ये "सावकाश वं" म्हणत होती.

"पत्रक चांगलं होतं," ती एकदम म्हणाली.

"आई, राहू दे."

"नाई, चांगलं होतं. पण जाब कसा इचारते थे नाई लेहलं तू." मग जरा वेळाने, "अन् पोरगीले मी गंज घासू द्याले नोतं पाह्यजे. थे माई चुकी. थे म्या त्याले सांगणार हाय."

"तुझी चूक? त्याने मारलं तुला!"

"त्याची चुकी त्याची, माई माई." तिने हात थोडा वर उचलून मलम पाहिलं. "त्याची माय अन् मी संगच जात होतो. मोठ्या घरी लगन असलं का भांडे घासाले. हा लहान होता, आवाराच्या बाहेर बसून राहे. त्याले आतमधी येऊ देत नोते. आमी कामं संपवून बाहेर येईपर्यंत बसून राहे, रडत नोता. मायले म्हणे, मी मोठा झालो का तुले भांडे घासू देणार नाई. थे बिचारी त्याच्या मोठं होण्याच्या आधीच गेली."

आई दुसऱ्यांकडे भांडी घासायला जात होती हे मला माहीत नव्हतं. बाबांच्या पेटीत सगळ्या जगाच्या हक्कांवर पुस्तिका होत्या, पण आमच्या घरातलं हे कुठेच छापलेलं नव्हतं. मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू कवा इचारलं?"

पाच दिवस ती शाळेत गेली नाही. बचत गटातल्या एका बाईने स्वयंपाक केला. मला वाटायचं, हात दुखतो म्हणून जात नाही. सहाव्या दिवशी ती साडी बदलून तयार झाली आणि दाराशी जाऊन परत खाटेवर बसली. तेव्हा मला कळलं. ज्या दारात उभं राहून मुलांनी तिला मार खाताना पाहिलं, त्या दारातून तिला आत जायचं होतं.

"मी येऊ संग?" मी विचारलं.

"तू काय करशीन तिथं? मिठाचा अंदाज तुले नाई." पण ती उठली, आणि मी तिच्याबरोबर गेले. मुलं मैदानात होती. एकाने ओरडून सांगितलं, "मावशी आली रे!" आणि सगळी धावत आली. एका मुलाने तोंडावरच सांगून टाकलं की त्या दुसऱ्या बाईची खिचडी पातळ असते. आई हसली. मग गर्दीवरून नजर फिरवत तिने विचारलं, "अन् पाढेवाली कुठं हाय?"

पाढेवाली शाळेत येत नव्हती. बापाने तिला घरी बसवलं होतं. शरमेने, असं गुरुजी म्हणाले.

आईने मला तेव्हाच त्याच्या घरी पाठवलं. निरोप दोन वाक्यांचा होता आणि मी तो एक शब्दही न बदलता सांगितला, कारण बदलण्याचा माझा हक्क मी ठाण्यात घालवून बसले होते. "केस मी मागं घेणार नाई. पोरगीले उद्या शाळेत पाठवजो." तो अंगणात विटेवर बसला होता. वर न बघता त्याने मान हलवली. मुलगी दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती आली, पंगतीत बसली, जेवली, आपली ताटली धुतली आणि नळापाशी घुटमळत राहिली. आईने तिला जवळ बोलावून खरवड दिली आणि सांगितलं, "पाढे म्हण. गंज घासाचं मी पाहीन."

मी वर्ध्याला एका वकील बाईंकडे जाऊन कोर्टासाठी अर्ज तयार केला. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक कामाचा मोबदला घेणाऱ्या माणसालाही जागा आहे, असं मला वाचताना सापडलं होतं. मानधन हा मोबदला नाही तर काय आहे, हा प्रश्न मी अर्जात घातला. वकील बाई म्हणाल्या, वाद घालता येईल, निकालाचं सांगता येत नाही. मी म्हटलं, घालू. यावेळी प्रत्येक ओळ आईला उभं राहून वाचून दाखवली. तिने दोन ठिकाणी शब्द कमी करायला लावले. "लय मारलं नाई, एकच मारली. एकच लेह."

उन्हाळ्यात कोर्टाची तारीख आली. कोर्टाने त्यालाही नोटीस पाठवली होती. आमच्या गावातून सकाळी वर्ध्याला जाणारी एसटी एकच, त्यामुळे फिर्यादी आणि आरोपी एकाच थांब्यावर उभे राहिले, मध्ये चार पावलांचं अंतर ठेवून. बस आली ती भरलेली. तो आधी चढला. आम्ही चढलो तेव्हा त्याने तीन माणसांच्या बाकावर एक जागा धरली होती आणि तो स्वतः दांडी धरून उभा होता.

"काकू, बसा न."

आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि बसली. पवनारला पुलाच्या अलीकडे बाकावरची दोघं उतरली. आई खिडकीकडे सरकली, मी तिच्या शेजारी. तो उभाच.

मग तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "ताई, मले काय होईन?"

मला सगळी कलमं पाठ होती. मी त्याला जसं आहे तसं सांगितलं, कमी नाही आणि जास्त नाही. अर्जातला माझा मुद्दा मान्य झाला तर काय, नाही झाला तर काय. त्याने नीट ऐकून घेतलं. धाम नदीचं पात्र मागे पडलं.

"गावात एक जण म्हणे, झटापट झाली म्हणून सांग. काकूचा हात चुकून भाजला म्हण," तो म्हणाला. "मी तसं सांगत नाई. साहेबानं इचारलं तं मी सांगतो, काकूले मारलं. शाळेत, स्वयंपाक करून राह्यली होती तवा मारलं."

आई खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळेना. मग तिने भाजलेला हात उचलून मला कोपराने ढकललं.

"सरक वं जराशी. त्याले बसू दे. वर्धा दूर हाय अजून."

मी सरकले. तो बाकाच्या कडेवर अर्धा टेकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखा सरळ. आईने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून चिवड्याचा आधी स्वतः एक घास खाल्ला, आणि डबा आमच्या दोघांच्या मध्ये धरला.